मोनाच्या नावाचं कुपन

शिवाजी पेठेतल्या आकाराम पोवारांच्या घरी गेलात, तर ज्या कपातून चहा मिळतो तो कप बक्षिसाचा असतो. ज्या ट्रेमधून तो येतो तो ट्रेही बक्षिसाचा. भिंतीवरचं घड्याळ, दारामागची छत्री, स्वयंपाकघरातला कुकर, सगळं कुठल्या ना कुठल्या सोडतीत लागलेलं. त्यांच्या पत्नी शालनकाकू आल्यागेल्याला सांगायच्या, की या घरात सोडतीत न लागलेली मी एकटीच, मला रीतसर मागणी घालून आणलंय. आकारामअण्णा हसून मान डोलवायचे. ही थट्टा त्या घरात आता कुणी करत नाही. वस्तू सगळ्या जागच्या जागी आहेत, पण अण्णांपुढं त्यांचा विषय काढायचा नाही हे गल्लीला न सांगता कळलेलं आहे.

अण्णा मूळचे कोडोलीचे. मिसरूड फुटायच्या आत कोल्हापुरात आले आणि उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लागले. उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर गेली. लग्न नवं होतं तेव्हा चहाच्या पुडीतलं कुपन त्यांनी सहज भरून टाकलं आणि त्यांना टेबलफॅन लागला. दिवसभर भट्टीपुढं भाजून निघणाऱ्या माणसाला पंखाच लागावा, याचा अर्थ नशीब आपल्याला नावानिशी ओळखतं, असं त्यांनी मनाशी धरलं. तिथून जो नाद लागला तो लागलाच.

पेपरात रोज छापून येणारं कुपन कापायचं आणि तक्त्यावर चिकटवायचं. शालनकाकू त्यासाठी खळ शिजवून द्यायच्या, कारण बाजारातल्या डिंकावर अण्णांचा विश्वास नव्हता. साबणाची वेष्टनं धुऊन वाळवायची. दसरा-दिवाळीला राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत ज्या ज्या दुकानात लकी ड्रॉ असेल तिथं जायचं. एका माणसाला एकच कुपन असा नियम असला, की अण्णा घरातली सगळी माणसं कामाला लावायचे. पुण्याला असलेला मुलगा, सून, दोन्ही मेहुणे. अण्णांच्या आई बयाबाई वारून कैक वर्षं झाली होती, पण स्पर्धेत त्या दरवर्षी भाग घेत होत्या. तो कुकर त्यांनाच लागला.

घरातली माणसं संपली की गल्ली. कुणाचं नाव, कुणाचा मोबाइल, कुणाची जन्मतारीख, अण्णांना सगळं तोंडपाठ. त्यांच्या मनात पाप नव्हतं. शेजारच्याला मिक्सर लागला तर तो शेजारच्याचाच, अण्णांना फक्त लागल्याचा आनंद. पण झालं असं, की अख्ख्या गल्लीला फोन यायला लागले. कुणाला प्लॉट घ्या म्हणून, कुणाला कर्ज घ्या म्हणून, कुणाला बायकोला घेऊन हॉटेलात फुकट जेवायला या म्हणून. गणपतराव नावाचे समोरचे गृहस्थ एकदा वैतागून म्हणाले, की अण्णा, माझा नंबर एकदा चौकातल्या भिंतीवरच लिहून टाका, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. गल्ली हसली, अण्णाही हसले. आपण काय चोऱ्या केल्यात का, नाव-पत्ता झाकून ठेवायला, असं त्यांचं म्हणणं असायचं. पेठेत जन्म काढलेल्या माणसाला ते पटायचंही. इथं माणूस पत्ता सांगतो तो छाती पुढं काढून सांगतो, अमक्या तालमीच्या मागं, तमक्याचं घर विचारा, शेंबडं पोरसुद्धा आणून सोडेल.

कुपन भरण्याचा त्यांचा एकच नियम होता आणि तो ते नवशिक्यांना मुद्दाम सांगायचे. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. अर्धवट कुपन पेटीतून निघालं तरी बाद होतं, आणि हाताशी आलेलं नशीब एका रिकाम्या रकान्यापायी जातं. कुपनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलेलं असतं ते मात्र अण्णांनी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं. तसं ते कुणीच वाचत नाही. म्हणूनच ते तितक्या बारीक अक्षरात छापतात.

अण्णांच्या घराला माडीवर एक खोली आहे. ती रिकामी झाली तेव्हा चिमणाबाई नावाच्या ओळखीच्या बाई एका मुलीला घेऊन आल्या. चिमणाबाई एका खासगी दवाखान्यात आया, आणि ही मुलगी त्याच दवाखान्यात नव्यानं कामाला लागलेली. नाव संयोगिता. चंदगडकडची. कडेवर चार वर्षांची पोर, हातात एक पिशवी. नवऱ्याच्या घरातून ती अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली होती. तिचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. तो कशानं मोडला होता हे शालनकाकूंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

खोली बघून झाली तशी ती जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि अण्णांना म्हणाली, "मामा, एकच मागणं हाय. माझं नाव कुटं लिवू नका. कुणी इचारलं तर भाडेकरू हाय एवढंच सांगा. त्यो शोधत असंल."

अण्णांनी शब्द दिला आणि तो पाळलाही. दारावर तिच्या नावाची पाटी लागली नाही. गल्लीत कुणी खोदून विचारलं तर अण्णा दवाखान्यातली बाई आहे म्हणून विषय बदलायचे. संयोगिताच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. ती शालनकाकूंच्या बरोबर भाजी निवडायला बसायला लागली. तिची मोना तर खालीच राहायची. अण्णांना ती आबा म्हणायची. सकाळी तिला बालवाडीला सोडायचं आणि दुपारी आणायचं हे काम अण्णांनी आपणहून अंगावर घेतलं. पुण्याच्या नातवंडांचं तोंड गणपतीत आणि मे महिन्यात दिसायचं, ती पोकळी या पोरीनं कधी भरून टाकली ते त्यांनाही कळलं नाही.

बालवाडीच्या बाईंनी पोरांना पूर्ण नाव सांगायला शिकवलं होतं. गर्दीत पोर चुकलं तर उपयोगी पडावं म्हणून. मोना घरी येताना वाटेभर ते गाण्यासारखं म्हणायची. माझं नाव मोना कृष्णात गावडे. अण्णांना कौतुक वाटायचं. संयोगिताच्या कानावर ते पडलं की ती पोरीला मोना एवढंच म्हणायला लावायची, पण बाईंपुढं आईचं काय चालणार.

त्या दिवाळीला राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानानं पहिलं बक्षीस स्कूटर ठेवलं. दुकान गोमटेशशेठ नावाच्या सज्जन माणसाचं, पंखे, मिक्सर, धुण्याची यंत्रं विकणारं. शालनकाकूंनी तिथून इस्त्री घेतली आणि तिच्यावर कुपनं मिळाली. बाकीच्या कुपनांवर घरच्यांची नावं गेली. शेवटचं कुपन हातात घेऊन अण्णा विचार करत बसले. संयोगिता रोज दवाखान्यापर्यंत चालत जायची, चालत यायची. पावसाळ्यात भिजून आली की तो कोपर धरून बसायची. तिला ही गाडी लागली तर पोरीचं कल्याण होईल. आणि लहान पोराच्या नावानं नशीब लवकर उघडतं, ही समजूत अण्णांचीच काय, सगळ्या गल्लीची. सोडतीची चिठ्ठीसुद्धा पोराच्याच हातानं काढतात की.

दिलेला शब्द त्यांना आठवत होता. संयोगिताचं नाव कुठं लिहायचं नाही. मग त्यांनी मोनाचं लिहिलं, आणि आपण शब्दही राखला आणि पोरीचं भलंही केलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. पुढचा रकाना वडिलांच्या नावाचा होता. तिथं पेन थबकलं. थबकलं नाही असं अण्णा आजही म्हणत नाहीत. पण रकाना रिकामा ठेवला तर कुपन बाद. त्यांनी स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, कृष्णात. त्याच्यापुढं गावडे. पत्ता आपला, मोबाइल आपला. मुलीचं पूर्ण नाव म्हणजे तिच्या बापाचं नाव, हे आपल्याकडं इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की त्यात आपण काही वेगळं लिहितोय असं कुणाच्याही हाताला वाटलं नसतं.

पाडव्याला सोडत झाली आणि मोनाचं कुपन निघालं.

दुकानातून फोन आला तेव्हा संयोगिता कामावर होती. संध्याकाळी तिला चकित करायचं असं अण्णांनी ठरवलं. मोनाला नवा फ्रॉक घातला, केसाला रिबीन बांधली आणि रिक्षानं दुकानात नेलं. हार घातलेल्या स्कूटरवर पोरीला बसवून फोटो काढले. अण्णा शेजारी उभे, छाती भरून आलेली. आपली सोडत खरी असते, घरचीच माणसं निवडलेली नसतात, हे लोकांना दिसावं म्हणून गोमटेशशेठच्या दुकानात विजेत्याचं नाव, पेठ आणि मोबाइल नंबर फोटोखाली टाकायची पद्धत होती. दुकानाच्या पानावर तो फोटो अण्णा घरी पोचायच्या आत चढला.

आणि पेठेत पोचले तर चौकात फ्लेक्स. तालीम मंडळाचा अध्यक्ष आदर्श, त्याला कुठून तरी बातमी लागली होती. या गावात कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी फ्लेक्स लागायला वेळ लागत नाही, इथं तर पेठेत स्कूटर आली होती. 'आमच्या पेठेची लाडकी लेक कु. मोना कृष्णात गावडे, भाग्यवान विजेती', वर मोनाचा स्कूटरवरचा हसरा फोटो, खाली मंडळाच्या पोरांची तोंडं ओळीनं. लोक तो फ्लेक्स मोबाइलमध्ये टिपून घेत होते आणि पुढं धाडत होते. कुणी कागलच्या पाहुण्यांना धाडला, कुणी गडहिंग्लजच्या, त्यांनी आणखी पुढं.

अण्णांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. अभिनंदन, अभिनंदन. त्यातच एक फोन आला. माणूस फार गोड बोलत होता. दुकानातून बोलतोय, गाडीच्या पासिंगची कागदं घरपोच द्यायची आहेत, घर नेमकं कुठं म्हणाला. अण्णांनी सांगितलं. तालमीपासून कितवी गल्ली, दाराचा रंग कोणता, सगळं. मुलीच्या आईची सही लागेल, त्या कधी भेटतील असं त्यानं विचारलं. अण्णांनी तेही सांगितलं. ती संध्याकाळीच येते, पोरीला दुपारी मीच बालवाडीतून आणतो, दुपारी आलात तर आम्ही दोघं असतो. माणसानं आभार मानले. लगेच दुसरा फोन आला आणि अण्णा त्यात गुंतले.

संयोगिता दिवस मावळताना आली. चौकातून आली, म्हणजे तो फ्लेक्स बघूनच आली. दारात हार घातलेली गाडी उभी, गल्ली जमलेली, शालनकाकू हातात पेढ्यांचं ताट घेऊन. तिनं गाडीकडं बघितलंच नाही. मोनाला उचलून छातीशी धरलं आणि अण्णांना विचारलं, की बापाचं नाव कशापायी लिहिलं. अण्णांनी रकान्याचं सांगितलं. सांगता सांगताच त्यांना आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय ते ऐकू आलं.

मग धावाधाव झाली. अण्णांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. आदर्शनं दहा वेळा माफी मागितली, त्या बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णा स्कूटर घेऊन दुकानात गेले. गाडी ठेवा, पण तो फोटो काढा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. गोमटेशशेठ भला माणूस. त्यानं तिथल्या तिथं फोटो काढला आणि म्हणाला, की अण्णा, आमच्या पानावरचा काढला, पण लोकांच्या फोनमध्ये गेलाय तो मी कुठून काढू. कुपनाच्या मागं लिहिलंय हो, नाव आणि फोटो छापू म्हणून, आम्हाला वाटलं तुम्ही वाचलं असणार.

उठता उठता अण्णांनी विचारलं, की कागदं द्यायला तुमचा कोण माणूस येणार होता. शेठ म्हणाला, आमच्याकडून कुणी फोन केलेला नाही, पासिंगला आम्ही इथंच बोलावतो.

बिंदू चौकापर्यंत ते चालत आले ते कसे आले त्यांना आठवत नाही. त्या गोड आवाजाला आपण गल्लीचा, दाराचा, पोरीच्या येण्याजाण्याचा सगळा हिशेब दिलाय, हे एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं. घरी जायचं आणि संयोगिताला आधी हे सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

घरी आले तर ती पायरीवर बसून मोनाची वेणी घालत होती. फ्लेक्स उतरला, फोटो निघाला, गाडी परत गेली, हे ऐकून तिचा जीव जरा भांड्यात पडला. मोनानं काहीतरी बोबडं म्हटलं आणि ती हसली. कालपासून पहिल्यांदा हसली. तिनं विचारलं, "मामा, कुणाचा फोन-बिन आलता काय?"

अण्णा म्हणाले, "आलते की. पेठेतल्याच लोकांचे."

का म्हणाले, याचं उत्तर त्यांच्यापाशी आहे आणि ते उत्तर त्यांना पुरत नाही. पोरीचा जीव पुन्हा टांगणीला कशाला लावायचा, हे एक. कदाचित तो कुणी प्लॉट विकणारा असेल, असले फोन काय कमी येतात, हे दुसरं. आणि तिसरं, जे ते कुणाला सांगत नाहीत, ते म्हणजे तिच्यापुढं आणखी एकदा मान खाली घालायची त्यांची हिंमत झाली नाही. त्या घडीला सांगितलं असतं तर चिमणाबाईंनी तिला संध्याकाळच्या आत दुसरीकडं हलवली असती. तेवढी सवड होती. ती सवड अण्णांनी आपल्या लाजेपायी घालवली.

दिवाळी सरली. बालवाडी पुन्हा सुरू झाली. अण्णा जाता येता मागं वळून बघायचे, मोनाचं मनगट घट्ट धरायचे, पण कुणी दिसलं नाही, आणि माणसाचा स्वभाव असा की काही घडलं नाही म्हणजे आता घडणार नाही असं तो धरून चालतो.

एका दुपारी मोनाला घेऊन अण्णा घरी आले, तर सोप्यात पाहुणा बसलेला. इस्त्रीचा शर्ट, पायात नव्या चपला, मांडीवर मिठाईचा बॉक्स. शालनकाकूंना त्या फोनचं काही ठाऊक नव्हतं, अण्णांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. दुकानातून कागदं घेऊन आलोय म्हटल्यावर त्यांनी गाडी परत केल्याचं सांगितलं, तर तो त्याचीच पावती हवी म्हणाला. मग त्यांनी पावणं बसा म्हणून चहा टाकला होता. आणि तो त्या बक्षिसाच्या कपातून निवांत चहा पीत होता.

मोना उंबऱ्यातच थांबली. तिनं अण्णांचं बोट धरलं होतं ते असं आवळलं, की त्यांना कळ आली. ती रडली नाही, ओरडली नाही. अण्णांनी खाली बघितलं तर तिच्या पायाशी उंबरा ओला होत होता.

त्या माणसानं कप खाली ठेवला, उठून आला आणि वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. "मी कृष्णात," तो म्हणाला. "मोनाचा बाप. किती हुडकलं वो यांना. तुमच्यामुळं गावल्या. तुमचं उपकार या जन्मात फिटायचं न्हाईत."

फौंड्रीत असताना वितळलेल्या लोखंडाचा थेंब एकदा अण्णांच्या पायावर पडला होता. त्या वेळी ते ओरडले होते. आता ओरडायलाही ते थांबले नाहीत. त्यांनी मोनाला उचललं, मागच्या मागं गल्लीत आले आणि समोर गणपतरावांच्या घरात शिरून कडी लावली. शालनकाकूंना काय ते कळलं आणि त्यांनी आदर्शला हाक घातली. तालमीतली पोरं जमली. त्यांनी कृष्णातला हात लावला नाही, नुसती कडं करून उभी राहिली. तो काही भांडला नाही. बायको माझी, पोर माझी, मी आज जातो, पण घर बघून ठेवलंय, एवढंच त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मिठाईचा बॉक्स सोप्यातच ठेवून निघून गेला.

निरोप पोचताच चिमणाबाई संयोगिताला दवाखान्यातून परस्पर आपल्या घरी घेऊन गेल्या. मोनाला तिकडंच पोचवलं. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन तसंच पुढं निघायचं म्हणून दोघी मोनालाही घेऊन आल्या, तेव्हा अण्णांनी तिला सगळं सांगितलं. तो फोन, तो आवाज, दुकानातून परत आल्यावर बोललेलं खोटं. उभ्यानंच सांगितलं, मधे थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ते म्हणाले, की पोरी, मला दोन शब्द वाईट बोल, म्हणजे बरं वाटंल.

संयोगितानं त्यांना वाईट बोलून बरं वाटू दिलं नाही. ती कपडे पिशवीत भरत होती, भरत राहिली. अण्णा पुन्हा म्हणाले, की नव्या जागी काही लागलं सवरलं तर मी आहे, कुठं निघालीस तेवढं सांगून ठेव, मी कुणाला बोलणार नाही.

तेव्हा तिनं मान वर केली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"न्हाय मामा," ती म्हणाली. "तुमी मानूस चांगलं हायसा. पर तुमाला सांगितलं तर तुमी कधीतरी कुणाला तरी माझ्या भल्यासाठीच सांगशिला."

अण्णा खाली येऊन पायरीवर बसले. शालनकाकूंनी शिदोरी बांधून दिली, तांदळाची पिशवी दिली, ती संयोगितानं घेतली. काकूंच्या गळ्यात पडून ती रडलीसुद्धा. अण्णांच्या पाया पडली, रीत म्हणून. चिमणाबाईंनी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली होती, रिक्षावाला त्यांच्याच नात्यातला.

मोनाला मात्र कुठं तरी नव्या ठिकाणी जायचं म्हणून आनंद झाला होता. कालचं सगळं ती विसरली होती, किंवा पोरं विसरल्यासारखी वागतात तशी वागत होती. आईचा हात सोडवून ती पळत परत आली, अण्णांच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि तोंड वर करून मोठ्या हौसेनं सांगायला लागली, "आबा, आमी की नाय, आता…"

अण्णांनी दोन्ही तळव्यांनी आपले कान झाकून घेतले. घट्ट दाबून धरले आणि डोळेही मिटले.

मोनाला वाटलं आबा खेळतायत. तिनंही आपले कान झाकले, डोळे मिटले आणि खळखळून हसली. तिचे ओठ हलत होते, ती अजून काहीतरी सांगतच होती. मग आईनं येऊन तिला उचललं आणि रिक्षात बसवलं. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी अण्णांनी हात खाली घेतले नाहीत. शालनकाकूंनी जवळ येऊन ते हलकेच सोडवले आणि डोळे पुशीत विचारलं, की पोर जाता जाता काय सांगत होती.

अण्णा म्हणाले, "मला ऐकू आलं न्हाय."

ते खरं होतं. त्या दोघींसाठी त्यांना करता आलं ते एवढंच.